चार चौकटी, मोकळी वाट

बालमित्रांनो,

आज एक सोपा प्रश्न विचारते. समजा, तुम्ही एक छान चित्रकथा काढली. चार चौकटी, दोन पात्रं, त्यांच्या तोंडातून निघणारे संवादाचे फुगे आणि शेवटी पोट धरून हसवणारी गंमत. आई हसली, आजी हसली, बाकावरचा शेजारीही हसला. आता हीच चित्रकथा दूरच्या गावातल्या, तुम्हाला कधीही न भेटलेल्या एका मुलीपर्यंत पोचवायची आहे. कशी पोचवाल?

"त्यात काय मोठंसं! मोबाइलवरून पाठवायची," असं तुम्ही पटकन म्हणाल. बरोबर आहे. पण हे उत्तर तुमच्या आजोबांना देता आलं नसतं, आणि तुमच्या आईबाबांनाही त्यांच्या शाळेच्या वयात देता आलं नसतं.

चित्रकथा काढायला तेव्हाही फारसं काही लागत नव्हतं. कागद, पेन्सिल आणि डोक्यात एक खट्याळ कल्पना असली की झालं! अवघड होतं ते पोचवणं. काढणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये एक वाट असते, आणि त्या वाटेवर बहुतेक वेळा कुणीतरी दार लावून बसलेलं असतं. आज त्या दाराचीच गोष्ट सांगते.

दोन मित्र आणि १३० डॉलर

अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात जेरी सीगल आणि जो शुस्टर नावाचे दोन शाळकरी मित्र होते. जेरीला गोष्टी लिहायचं वेड, जोला चित्रं काढायचं. विज्ञानकथांची मासिकं दोघंही अधाशासारखी वाचत. वाचून वाचून त्यांना वाटलं, आपणच एक मासिक काढू या! मग त्यांनी हाताने टाइप करून, सायक्लोस्टाईलच्या यंत्रावर प्रती काढून एक छोटं मासिक चालवलं. (सायक्लोस्टाईल म्हणजे काय, ते आजी-आजोबांना विचारा. त्यांच्या परीक्षेचे पेपर त्यावरच निघायचे!) १९३३ साली या घरगुती मासिकात त्यांनी 'सुपरमॅन' नावाच्या माणसाची एक गोष्ट छापली. गंमत म्हणजे या पहिल्या गोष्टीतला सुपरमॅन चक्क दुष्ट होता.

पुढे त्यांनी तो बदलला, चांगला केला, निळ्या कपड्यांत आणि लाल झग्यात आणला. पण छापणार कोण? वर्षानुवर्षं ते प्रकाशकांचे उंबरठे झिजवत राहिले आणि नकार गोळा करत राहिले. शेवटी १९३८ साली एका कंपनीने ती चित्रकथा घेतली. पानाला १० डॉलर, अशी १३ पानं. म्हणजे झाले १३० डॉलर. आणि त्याच पैशात सुपरमॅनचे सगळे हक्कही कंपनीचे!

सुपरमॅन जगभर उडाला. त्याच्यावर सिनेमे निघाले, खेळणी निघाली. त्याला जन्म देणारे दोघं मात्र म्हातारपणी पैशांच्या चिंतेत होते. शेवटी इतर चित्रकारांनी आवाज उठवला. तेव्हा कुठे १९७५ साली कंपनीने त्यांना वार्षिक मानधन दिलं आणि सुपरमॅनच्या चित्रकथांवर त्यांची नावं परत आणली.

दार उघडणाऱ्याच्या हातात किती ताकद असते, पाहिलंत? उघडतानाच तो म्हणू शकतो, "ये आत, पण तुझी वस्तू माझी."

घामाचे थेंब

दारावरचा माणूस आणखीही एक करू शकतो. आत काय न्यायचं आणि काय नाही, हेही तोच ठरवू शकतो.

१९५४ साली अमेरिकेत मोठा गदारोळ झाला. कॉमिक्स वाचून मुलं बिघडतात, असं सांगणारं एका मानसोपचारतज्ज्ञाचं पुस्तक गाजलं. काही कॉमिक्स खरोखरच भयंकर, रक्ताने माखलेली होती. त्यामुळे पालकांची काळजी अगदीच खोटी नव्हती. तेव्हा प्रकाशकांनीच मिळून एक नियमावली केली आणि तपासनीस नेमले. तपासलेल्या अंकावर शिक्का यायचा. शिक्का नसेल, तर बरेच वितरक तो अंक घ्यायलाच तयार नसत. म्हणजे दुकानात पोचणंच मुश्कील!

आता पुढे काय झालं ते ऐका. 'जजमेंट डे' नावाची एक चित्रकथा होती. एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहावर जातो. तिथे नारिंगी यंत्रमानव मजेत राहतात, निळ्यांना मात्र बसमध्ये मागे बसावं लागतं, कामंही हलकी मिळतात. आतून दोघं अगदी सारखे, फरक फक्त वरच्या पत्र्याच्या रंगाचा! अंतराळवीर म्हणतो, तुम्हाला अजून बरंच शिकायचं आहे. आणि शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो. तो स्वतः कृष्णवर्णीय असतो. त्याच्या कपाळावरचे घामाचे थेंब ताऱ्यांसारखे चमकत असतात.

ही कथा १९५३ साली एकदा छापून आली होती. १९५६ साली ती पुन्हा छापायची ठरली, तेव्हा तपासनीस म्हणाले, "तो माणूस कृष्णवर्णीय चालणार नाही. बदला." अहो, पण मग गोष्टीत उरलं काय? लेखक आणि प्रकाशक दोघंही हटून बसले. एक रेघही न बदलता कथा छापली गेली. पण त्या प्रकाशनाचं ते शेवटचं कॉमिक ठरलं. शिक्क्याची ती पद्धत त्यानंतरही चालूच राहिली. मोठ्या प्रकाशकांनी एकेक करून ती सोडली आणि २०११ साली ती संपली.

मुलांच्या काळजीपोटी बांधलेलं दार एका चांगल्या गोष्टीवरच आपटलं. म्हणून दारावर कोण बसलंय आणि तो कुणाला उत्तर देतो, हे विचारायची सवय लावून घ्या.

आपल्याकडे

आपल्याकडे १९६४ साली 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू झालं. ते मराठीतही निघायचं. त्यातला जंगलात राहणारा, मुखवटा घातलेला वेताळ कोण विसरेल? एक अंक घरात आला की तो अख्ख्या आळीत फिरायचा. १९९० साली इंद्रजाल बंद झालं. वाचकांना फार वाईट वाटलं, पण ते करणार काय? जुने अंक जपून ठेवणं, एवढंच हाती होतं.

पुढच्याच वर्षी, १९९१ साली, 'सकाळ'मध्ये चिंटू आला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा हा खोडकर मुलगा घराघरांत पोचला. तेव्हा सगळीच दारं वाईट होती असं समजू नका हं! चांगला संपादक चुका दाखवतो, मानधन देतो, रोजचा वाचक मिळवून देतो. अडचण एवढीच, की वर्तमानपत्रात जागा असते दोन-तीन पट्ट्यांची आणि चित्रकथा काढणारी मुलं असतात हजारो. बाकीच्यांनी जायचं कुठे?

वहीचं मागचं पान

उत्तर स्वित्झर्लंडमधून आलं. तिथे 'सर्न' नावाची मोठी विज्ञानसंस्था आहे. तिथल्या टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली एक कल्पना मांडली. जगभरातल्या संगणकांवरची पानं एकमेकांना जोडायची, आणि कुणालाही एका पानावरून दुसऱ्या पानावर जाता यायला हवं. यालाच आपण वेब म्हणतो. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने जाहीर केलं, की वेब चालवणारी ही प्रणाली कुणीही वापरावी, फुकट वापरावी, परवानगी मागायची गरज नाही. विचार करा, प्रत्येक पानामागे पैसे घ्यायचे असं त्यांनी ठरवलं असतं तर?

परवानगी नको म्हटल्यावर चित्रकथावाले मागे राहतील का? त्यांनी आपापली चित्रं वेबवर टांगायला सुरुवात केली. अशा चित्रकथेला म्हणतात वेबकॉमिक.

अमेरिकेतले रँडल मन्रो भौतिकशास्त्र शिकलेले. वहीच्या कडेला काड्यांची माणसं काढायची त्यांना सवय. (तुमच्यापैकी किती जणांना आहे, ते मला चांगलं ठाऊक आहे!) २००५ साली त्यांनी ती चित्रं स्कॅन करून वेबवर ठेवली. त्या वेबकॉमिकचं नाव 'एक्सकेसीडी'. डोळे नाहीत, नाक नाही, नुसत्या काड्या! पण विचार असे, की शास्त्रज्ञही वाचतात. २०१३ साली त्यांनी 'टाइम' नावाची एक चित्रकथा केली. समुद्रकिनाऱ्यावर दोघं जण वाळूचा किल्ला करत असतात आणि पाणी हळूहळू चढू लागतं. का चढतंय, ते शोधायला दोघं निघतात. आधी दर अर्ध्या तासाने आणि नंतर दर तासाने एक नवं चित्र यायचं. असं चार महिने चाललं आणि ३,०९९ चित्रं झाली! जगभरचे वाचक डोकं लढवत होते. चित्रातल्या आकाशात तारे दिसले, तेव्हा त्यांच्या जागांवरून कुणीकुणी हिशोब मांडला, की ही गोष्ट हजारो वर्षांनंतरच्या काळात घडते आहे. कोणता छापखाना तासाला एक चित्र घरोघर पोचवू शकला असता? या कथेला २०१४ साली मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

फ्रान्समधल्या डेव्हिड रेव्हॉय यांची तऱ्हा आणखी वेगळी. पेपर ही छोटी चेटकीण आणि कॅरट हे तिचं नारिंगी मांजर, यांची चित्रकथा ते २०१४ पासून काढतात. वाचायला फुकट. एवढंच काय, काढलेल्या चित्रांच्या मूळ फाइलीही ते सगळ्यांना देऊन टाकतात. माझं नाव द्या आणि हवं तर भाषांतर करा, छापा, विकासुद्धा, असं ते सांगतात. मग त्यांचं पोट कसं चालतं? जगभरचे वाचक आपखुशीने थोडे थोडे पैसे पाठवतात. स्वयंसेवकांनी या कथेची पन्नासहून अधिक भाषांत भाषांतरं केली आहेत. ज्या 'कृता' नावाच्या संगणकावरच्या रंगपेटीने ते चित्रं काढतात, तीही सगळ्यांना फुकट मिळते.

आणि आपल्या नागपूरचे रोहन चक्रवर्ती! शिक्षण दातांच्या डॉक्टरकीचं, पण वेड वाघ, बेडूक आणि पक्ष्यांचं. २००९ साली त्यांनी 'ग्रीन ह्यूमर' ही वन्यजीवांवरची व्यंगचित्रमालिका सुरू केली. पुढे वर्तमानपत्रांनी ती घेतली, तिची पुस्तकंही निघाली.

नाक्यावरचा माणूस

आता तुम्ही म्हणाल, "बाई, मग संपलं की! वाट मोकळी झाली."

थांबा. वाट मोकळी होणं आणि मोकळी राहणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

असं समजा, तुमच्या गावाबाहेर आठवडी बाजार भरतो. एक मोठं दुकान आहे आणि त्याच्या शेजारी टोपली घेऊन बसलेली भाजीवाली आजी आहे. रस्ता एकच. एके दिवशी रस्त्याच्या नाक्यावरचा माणूस म्हणतो, "मोठ्या दुकानात जाणार असाल तर फुकट जा. आजीकडे जाणार असाल तर दहा रुपये टाका." आजीची भाजी ताजी असली, तरी किती लोक तिच्याकडे जातील? आजीला कुणी हाकललेलं नाही. पण तिची टोपली संध्याकाळी भरलेलीच राहणार!

इंटरनेट आपल्या घरापर्यंत आणणाऱ्या कंपन्या म्हणजे हा रस्ता. त्यांनी सगळ्यांना सारखं वागवावं, अमुक संकेतस्थळ जलद आणि तमुक हळू, अमुक फुकट आणि तमुक महाग असं करू नये, या तत्त्वाला 'नेट न्यूट्रॅलिटी' म्हणतात. आपण त्याला 'समान वाट' म्हणू. पोस्टमनकाका पाकीट फोडून बघतात का, की आत मोठ्या साहेबाचं पत्र आहे की तुमचं? तसंच हे.

२०१५ साली भारतात नेमका हाच प्रश्न आला. दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या 'ट्राय' या संस्थेने मार्च महिन्यात ११८ पानांचं एक चर्चापत्र काढून लोकांची मतं मागवली. एरवी असे कागद वाचतो कोण? पण या वेळी तरुण स्वयंसेवकांनी ते वाचलं आणि सोप्या भाषेत सांगितलं. विनोदी कलाकारांनी त्यावर हसतखेळत चित्रफीत केली. आणि महिन्याभरात ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले!

त्याच वर्षी फेसबुक कंपनीची 'फ्री बेसिक्स' नावाची योजना आली. निवडक संकेतस्थळं फुकट, बाकीच्यांना पैसे. योजनेच्या बाजूचे लोक म्हणत, "गरिबाला काहीच न मिळण्यापेक्षा थोडं तरी मिळू दे." हे म्हणणं विचार करण्यासारखं होतं, नाही का? पण दुसरी बाजू विचारत होती, "निवड कोण करणार? आणि ज्याचं नाव यादीत नाही, त्या छोट्याने काय करायचं?" ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने नियम केला, की संकेतस्थळ पाहून इंटरनेटचे वेगवेगळे दर लावता येणार नाहीत. २०१८ साली सरकारने समान वाटेचं तत्त्वही मान्य केलं.

अमेरिकेत मात्र हा नियम २०१५ साली झाला, २०१७ साली रद्द ठरला, २०२४ साली परत आणला गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने तो पुन्हा मोडीत काढला. म्हणजे एकदा जिंकलं आणि झोपलं, असं चालत नाही. विहीर खणली तरी गाळ दरवर्षी काढावा लागतो ना, तसंच.

आणि दुसरं लक्षात ठेवा. मोकळी वाट म्हणजे चोरीची मुभा नाही. पुष्कळ जण दुसऱ्याची चित्रकथा उचलतात, कोपऱ्यातलं नाव कापतात आणि पुढे पाठवून देतात. सीगल आणि शुस्टर यांना आपलं नाव परत मिळवायला किती वर्षं लागली, आठवा. एखादी चित्रकथा आवडली, तर ती काढणाऱ्याच्या नावासकट आणि त्याच्या पानाच्या पत्त्यासकट दुसऱ्याला सांगा. चांगला वाचक असाच ओळखता येतो!

आता तुमची पाळी

चला, घ्या पेन्सिल!

१. विषय घरचाच घ्या. हरवलेली चप्पल, डब्यातली नावडती भाजी, लाइट गेल्यावरची धमाल. चार चौकटी अशा वाटा : पहिलीत कोण आणि कुठे ते कळू दे, दुसरीत काहीतरी घडू दे, तिसरीत घोळ वाढू दे आणि चौथीत कलाटणी.

२. आधी संवाद लिहा, मग फुगा काढा आणि शेवटी चित्र. बरीच मुलं उलटं करतात आणि मग अक्षरं दाटीवाटीने कोंबावी लागतात. आपल्या मराठी अक्षरांना वर मात्रा आणि खाली उकार असतात. म्हणून दोन ओळींत ऐसपैस जागा सोडा. जो आधी बोलतो त्याला डावीकडे उभं करा, म्हणजे फुगे एकमेकांना ओलांडणार नाहीत.

३. आवाज मराठीच काढा! धपकन, खळ्ळ, सुर्रर्र, टुणकन. उसने आवाज कशाला?

४. पेन्सिलीवर काळं पेन फिरवा. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, मोबाइल कागदाला समांतर धरून फोटो काढा. कागदावर सावली नको.

५. कागद संपतो, पडदा मात्र सरकतच राहतो. स्कॉट मॅक्लाउड या चित्रकथाकारांनी २००० साली हेच सांगितलं होतं, की पडद्यावरच्या चित्रकथेला पानाची सीमा नाही. कागदाच्या पट्ट्या एकाखाली एक चिकटवा आणि विहिरीत उतरणारा मुलगा काढून बघा. वाचणारा जसजसा खाली जाईल, तसतसा काळोख वाढू दे! चित्रं दाखवत गोष्ट रंगवणं आपल्याला नवीन नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी एकामागून एक चित्र पुढे करत, गात गात गोष्ट सांगतात.

६. आठवड्याचा एकच वार ठरवा आणि पाळा. आठ आठवडे पाळलात, की आपला हात किती सुधारला ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

आईबाबांसाठी दोन शब्द

मूल चित्रकथा वाचतंय म्हणजे वेळ फुकट घालवतंय, असं कृपा करून समजू नका. चित्र आणि शब्द यांचा मेळ घालताना ते थांबतं, अंदाज बांधतं, मागे वळून पाहतं. वाचनाचंच हे काम आहे.

चित्रकथा वेबवर ठेवायची असेल, तर खातं तुमच्या नावाने असू द्या आणि मुलाच्या शेजारी बसा. मुलाचं पूर्ण नाव, शाळा, पत्ता, फोटो यांची गरज नाही. एखादं मजेदार टोपणनाव पुरतं. अनोळखी माणसाचा निरोप आला, तर तो आधी तुम्हाला दाखवायचा, हा नियम घरात करा. पण हे सगळं भीती घालून करू नका. रस्ता ओलांडताना आपण हात धरतो ना, तसं करा. हात धरायचा तो रस्ता ओलांडता यावा म्हणून.

तर मित्रांनो, या आठवड्याचा उपक्रम. एका पोस्टकार्डावर चार चौकटी आखा आणि 'मी नाक्यावरचा माणूस असतो तर' किंवा 'असते तर' या विषयावर चित्रकथा काढून आपल्या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. पोस्टकार्ड उघडंच असतं, तेव्हा वाटेत पोस्टमनकाकाही हसले तर हसू देत! कोपऱ्यात तुमचं टोपणनाव लिहायला मात्र विसरू नका.

पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमच्या,
बाई